माझं मन तयार आहे, तिचं बघा

ता. ९, रविवार. दुपार.

चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकबाईंनी आम्हा बायकांना थांबवून घेतलं. म्हणाल्या, तेवीस तारखेला प्रभुभोजन आहे, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकरी आणि रस घ्यायचा दिवस, तोवर सगळ्यांनी मनाची तयारी करायची. रोज थोडं लिहायचं. मनात जे असेल ते. कोणाला दाखवायचं नाही. आणि फक्त स्वतःचं लिहायचं, शेजारणीचं नाही. शेवटचं वाक्य बोलताना माझ्याकडेच का बघितलं कोण जाणे.

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी लिहिते. औषधवाल्याने दिलेली मागच्या सालची डायरी पडून होती. तिच्यातल्या तारखा खोडून माझ्या घातल्या.

तर स्वतःचं. माझ्या मनात काही नाही. मन साफ आहे.

झालं. आता पंधरा दिवस काय लिहू?

ता. १०, सोमवार. पहाटे.

ठरवलंय, रोज पाचला उठून प्रार्थना. आज उठले. गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि वर धाकटीने काहीतरी ओढायला सुरुवात केली. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या डोक्यावरच राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. खर्र, खर्र, खर्र. प्रभूला काय सांगत होते तेच विसरले. उरलेली प्रार्थना त्या आवाजावरच झाली. चांगली लांब झाली.

संध्याकाळ.

कामावरून आले तर वाळलेले कपडे परत ओले. वरच्या गॅलरीतून तिच्या कपड्यांचं पाणी टपाटपा खाली. तिला कपडा पिळता येत नाही. मनगटात जीवच नाही. लग्न होऊन आली तेव्हा मीच शिकवलं होतं, असा धर, असा फिरव. अर्धंच शिकली. वीस वर्षं माझे कपडे दोनदा वाळतात.

यांना म्हटलं वर जाऊन सांगा. हे गेले. चहा पिऊन आले. निरोप काय सांगितला विचारलं तर म्हणाले, कुठला निरोप?

ता. ११, मंगळवार.

वहीला कळावं म्हणून लिहिते, मी स्वतः का नाही जात वर. भांडण नाही. मी भांडत नाही कोणाशी. फक्त बोलत नाही.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. महिला मंडळात सगळ्या बसलो होतो. मी धाकटीला एवढंच म्हटलं की तुझ्या ड्रेसची शिवण एका बाजूने वर गेलीय, बस बघू नीट. तिच्या चांगल्यासाठीच. सगळ्यांसमोर म्हटलं कारण सगळ्या तिथेच होत्या, त्याला मी काय करू? तिने शिवण ओढून सरळ केली. मग प्रार्थनेची वेळ आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. तिची पाळी आली आणि गोड आवाजात म्हणते कशी, हे प्रभू, आमच्या ताईंच्या जिभेवर तुझा हात ठेव.

आता प्रार्थनेत कोणी बोललं तर उलट बोलता येत नाही. ऐकून घ्यायचं आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो. सवय वाईट. सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हटलं.

घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही. जिन्यात आलं. तिथेच बसले.

पुढच्या आठवड्यात मीही प्रार्थना केली. नाव नाही घेतलं कोणाचं. म्हटलं, प्रभू, जे तुझ्या पायाशी येऊन दुसऱ्याला टाचणी टोचतात त्यांना माफ कर, आणि त्यांच्या घरच्यांनाही, कारण त्यांनी वळण लावलं नाही. बरीच चालली. पाळकबाईंना मध्येच खोकला आला. धाकटीने आमेन म्हटलं नाही. माझं कान देऊन लक्ष होतं.

तेव्हापासून ती वर, मी खाली.

ता. १२, बुधवार.

आज जेवताना हे म्हणाले, धाकट्याची बदली झालीय. धाकटा म्हणजे माझा दीर. लांबच्या गावी. चोवीस तारखेला ट्रक येणार. सगळ्यांना माहीत होतं म्हणे. भाजीवालीलासुद्धा. मला नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, तूच म्हणालीस वरच्या मजल्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

मला काय त्याचं. जाऊ दे. गॅलरी कोरडी राहील. सकाळची ओढाओढ म्हणजे ती सामान बांधत होती तर.

फक्त एक. ट्रकवाले जिन्याच्या भिंती खरवडतात. त्याचीच काळजी लागलीय, म्हणून जेवण गेलं नाही.

ता. १३, गुरुवार.

आज मौन. सकाळीच ठरवलं, संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जीभ आवरायला कोणाच्या प्रार्थनेची गरज नाही हे दाखवून देते.

मी हॉटेलच्या लॉन्ड्रीत आहे, चादरींच्या रोलरवर. एकीने ओली चादर आत द्यायची, दुसरीने पलीकडून गरम चादर धरायची. नवीन लागलेली पोरगी आत देत होती. वाकडी देते. मी टाळी वाजवली. तिला वाटलं शाबासकी. आणखी वाकडी दिली. मी पाय आपटला. मग बादलीवर हँगर वाजवला. सुपरवायझर धावत आली, तिला वाटलं मशीन बिघडलं. बंद केलं. मी हातांनी सांगितलं मशीन नाही, ही बिघडलीय. तिने माझा घसा तपासायला टॉर्च आणला.

दुपारच्या सुट्टीत बायका हसत होत्या, गाणी म्हणत होत्या. इतकी मजा रोज नसते. माझ्या जोडीची म्हणाली, मावशी, औषध घेऊ नका हं, घसा आपोआप बरा होऊ दे, सावकाश.

शिफ्ट सुटताना नव्या पोरीने माझी चप्पल घातली. तेवढंच निमित्त. दिवसभराचं साचलेलं एकदम सुटलं, बॉयलरचं झाकण उडावं तसं. पोरगी माझी चप्पल तिथेच टाकून अनवाणी पळाली.

तरी संध्याकाळी पाचपर्यंत मौन पाळलं. ते धरलं पाहिजे.

ता. १४, शुक्रवार.

काही नाही. सकाळी उठले नाही. रात्रभर वर चालणं सुरू होतं तिचं. स्वयंपाकघरातून खिडकी, खिडकीतून दार, दारापाशी थांबायचं, परत. मला पावलावरून कळतं. पाणी प्यायला उठली की टाच आधी टेकते. काळजीत असली की चवड्यावर चालते. आज सगळं चवड्यावर.

झोपायला काय होतं? लोकांना कामं असतात.

ता. १५, शनिवार.

ठरवलं. मीच मोठी, मीच वर जाते. दोन शब्द बोलते आणि मोकळी होते. पण हात हलवत कशी जाणार? फडताळात तिची पिठाची चाळणी सापडली. कधीची आणलेली. म्हटलं, छान निमित्त. चाळणी देते, तिने ताई बसा म्हटलं की बसते, तिने माफी मागितली की देऊन टाकते. जास्त ताणायचं नाही.

दार तिनेच उघडलं. मागे खोके, दोऱ्या, भिंतीवर कपाटाची पांढरी जागा. ती बारीक झालीय. मी म्हणणार होते, कशी आहेस. तोंडातून आलं, ही तुझी चाळणी, एका कडेने फाटलीय, वापरून अशी कोणी ठेवतं का?

ती चाळणीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ताई, ही तुमचीच आहे. मी नेली होती, मी परत दिली होती.

आता मागे येणं शक्य होतं का? मी म्हटलं, माझी नाही. तुझीच आहे. आणि तिच्या हातात देऊन खाली आले.

माझीच होती. खाली आल्यावर आठवलं, कड माझ्याच हातून फाटली होती.

आता पीठ कशाने चाळू?

ता. १६, रविवार.

आज पाळकसाहेबांचा उपदेश फार चांगला झाला. म्हणाले, प्रभूच्या मेजाकडे येण्याआधी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे जा. तो येईल म्हणून वाट बघू नका. तुम्ही जा. मन धुऊन या, मग मेजाकडे या.

एकेक शब्द धाकटीसाठी होता. ती ऐकतेय का हे बघायला मी चार-पाच वेळा मान वळवली. दर वेळी तीही माझ्याकडेच बघत होती. म्हणजे तिला लागलं होतं बरोबर.

सुटल्यावर मी पुढच्या फाटकाशी थांबले. म्हटलं, सोपं करून द्यावं तिला. आता येईल, पाया पडायची गरज नाही, चुकलं म्हणाली तरी पुरे. लोक गेले. गाड्या गेल्या. राखणदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा राहिला, बाई, मला जेवायला जायचंय म्हणाला. ती आली नाही.

घरी हे म्हणाले, अगं, ती मागच्या फाटकाशी उभी होती, तुझी वाट बघत. राखणदाराने तिलाही हाकललं.

खोटं. मागच्या फाटकाशी कशाला थांबेल कोणी? ऊन असतं तिथे.

ता. १८, मंगळवार.

मेजावरचा पांढरा कपडा आला. चर्चमधल्या मेजाचा कपडा दर प्रभुभोजनाआधी माझ्याकडे येतो, धुवायला आणि इस्त्रीला. असं काम दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. मी लॉन्ड्रीत नेला, सुट्टीत हातानेच धुतला. स्टार्च करताना मनात धाकटीशी बोलत होते. तू असं म्हणालीस, मी तसं म्हणाले, मग तू काय म्हणायला हवं होतंस. बोलण्याच्या नादात स्टार्च दोनदा घातला की तीनदा, लक्षात नाही.

इस्त्री झाल्यावर कपडा भिंतीला टेकवून उभा केला तर उभा राहिला. दाराच्या फळीसारखा. जोडीची म्हणाली, मावशी, याला बिजागरी लावा.

परत धुवायला वेळ नाही. चालेल. प्रभूच्या मेजाला ताठपणा असावा.

ता. २०, गुरुवार.

महिला मंडळ. धाकटीचं शेवटचं. तिला निरोप म्हणून सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची असं पाळकबाईंनी ठरवलं होतं. मी रात्रीच मनात तयार केली. कसलाही टोमणा नाही. मोठ्या मनाची प्रार्थना. ऐकून तिला आपोआप लाज वाटेल अशी.

एकेक जण प्रार्थना करत गेली. तिला सुखी ठेव, तिला आशीर्वाद दे. सगळ्यांचं तेच. माझी पाळी आली. डोळे मिटले तर तयार केलेलं सगळं पुसून गेलं. मग जे आलं ते मागितलं. ट्रक नीट जाऊ दे. कपाटाचे पाय मोडू नको देऊ, डावा आधीच कच्चा आहे. तिथल्या नळाला पाणी असू दे. जिना फार नको, ती चढताना दमते पण सांगत नाही. खिडकीतून वारा येऊ दे, तिला कोंडलेलं सोसत नाही. खालच्या मजल्यावर बरी माणसं असू दे. आणि तिला कपडे पिळायची शक्ती दे, नाहीतर तिथलीही माणसं ओरडतील.

बायका हसायला लागल्या. डोळे मिटून खुदुखुदु. प्रार्थनेत हसतात का? मी मनापासून मागत होते. आमेन म्हणून डोळे उघडले तर धाकटी ओढणीत तोंड लपवून बाहेर जात होती. तिलाही हसू आवरलं नसणार.

पाळकबाई मला म्हणाल्या, तुम्ही तिच्याशी बोला हो. मी म्हटलं, आताच बोलले की, एवढा वेळ.

ता. २२, शनिवार. संध्याकाळ.

तयारीची सभा झाली. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आम्ही चर्चमध्ये गप्प बसतो आणि प्रत्येकाने आपापलं मन तपासायचं. मी नीट तपासलं. कोपरे, फडताळं, पलंगाखाली, सगळीकडे. दर ठिकाणी धाकटीच. मग माझं मन तपासायचं कसं? ती आधी बाजूला होईल तर.

तिची जागा रिकामी होती. आलीच नाही. सामान बांधायचं असेल. की मी दिसेन म्हणून?

उद्या सकाळी बोलणारच. आता टाळायचं नाही. काय बोलायचं ते इथे लिहून ठेवते: जे झालं ते झालं. एवढंच. चार शब्द आहेत, माणसाला न येण्यासारखं काय आहे त्यात?

ता. २३, रविवार. सकाळ.

लवकर तयार झाले. दार सताड उघडं ठेवलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. ती जिना उतरली की मी दिसणार, चेहरा शांत, मग चार शब्द. यांना म्हटलं, चेहरा शांत दिसतोय का? म्हणाले, कोणी गेलं का?

ती उतरली. मला बघून थांबली. तिच्याही तोंडावर आलं होतं काहीतरी, मला दिसलं. मी म्हटलं, वरचा दिवा बंद केलास का?

ती मग दिवा बघायला परत वर गेली.

बंदच असणार. ती विसरत नाही कधी.

दुपार.

सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

मेजाचा कपडा चारी बाजूंनी पत्र्यासारखा बाहेर आला होता. पाळकसाहेब त्याला कोपराने खाली दाबत होते, तो परत वर यायचा. पोरं हसत होती. मी वर बघितलंच नाही.

मग ते म्हणाले, ज्यांचं मन तयार आहे त्यांनी पुढे यावं. एकेक बाक उठत पुढे जातो, भाकरीचा तुकडा आणि छोट्या पेल्यातला रस घेऊन परत येतो. आमचा बाक उठला. मी पाय आखडून वाट दिली. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, गुडघा धरलाय, तुम्ही जा.

गुडघा सकाळपासून कुरकुरत होताच. खुर्चीवर बसून बसून. दुसरं काही नाही. तीस वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते, पण गुडघ्यापुढे कोणाचं चालतं?

मला बघायचं होतं ती कशी जाते. माझ्याशी न बोलता, तोंड वर करून, कशी उठते. तिचा बाक उठला. दीर उठला. तिची मुलगी उठली. सगळे पुढे गेले.

ती बसून राहिली.

सगळं चर्च पुढे ओळीत उभं, आणि रिकाम्या बाकांत आम्ही दोघी. ती त्या बाजूला, मी या बाजूला. मधली वाट एका हाताची. गाणं चालू होतं. मी समोर बघितलं, तिने समोर बघितलं. लोक परत येताना आमच्या दोघींकडे बघत होते, शाळेत दोन पोरींना एकाच वेळी उभं केल्यासारखं. मग पाळकसाहेबांनी विचारलं, कोणी राहिलंय का? आणि थांबले. बराच वेळ थांबले.

गुडघा खरंच उठत नव्हता.

मेज झाकलं. झालं.

पेले धुवायची पाळी आमच्या घराची होती, म्हणजे माझी आणि तिची. सहा महिन्यांपूर्वी लावलेल्या पाळ्या, कोण बदलणार? मागच्या खोलीत सिंकपाशी उभ्या. मी धुते, ती पुसते. ते पेले अंगठ्याएवढे, एकेक बोट घालून धुवावा लागतो.

मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही पुढे नाही गेलात."

मी म्हटलं, "गुडघा."

तिने एक पेला पुसला. दुसरा पुसला.

"माझापण," म्हणाली.

तिला गुडघ्याचं दुखणं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या घरात मला कोणी काही सांगत नाही. जिना चढते दिवसातून कितीदा. चालताना कधी जाणवलं नाही मला, आणि मी तर रोज ऐकते.

पेले संपले. टॉवेल तिने पिळून वाळत घातला. खाली थेंब थेंब.

मी काही बोलले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. आज मी टॉवेलवरून काही बोलले नाही.

ता. २४, सोमवार. सकाळ.

पहाटे पाचला जाग आली आणि मन तयार होतं. म्हणजे खरंच. आत काही टोचत नव्हतं. चार शब्द समोर उभे, पॉलिश केल्यासारखे. तेवीसला यायचं सोडून चोवीसला काय कामाचं? गाडी गेल्यावर तिकीट हातात. मला इतका राग आला माझ्या मनाचा की बोलता सोय नाही.

खाली ट्रक लागला. धावले. कामावर निरोप पाठवला, उशीर होईल.

कपाट चढवत होते. मी म्हणायला गेले, जे झालं ते. आणि डोळ्यांसमोर डावा पाय. म्हटलं, अहो, डावीकडून धरा, तो पाय कच्चा आहे, दोरी दोनदा फिरवा, ही काय गाठ आहे? ड्रायव्हर म्हणाला, मावशी, तुम्ही येताय का बरोबर? दीर हसला. मी सगळं कपाट नीट बांधून घेतलं. मग खुर्च्या. मग बादल्या. होता होता सगळं चढलं आणि बोलायला सामानच उरलं नाही.

धाकटी पुढे बसली, खिडकीशी. काच खाली. हातात पिशवी. पिशवीतून चाळणी काढली आणि माझ्या हातात दिली. कडेची फाट दोऱ्याने शिवलेली. बारीक, एकसारखे टाके.

म्हणाली, "तुमची नाही म्हणालात, तरी ठेवा."

मी ठेवली.

मग म्हणाली, "ताई, आमच्यासाठी प्रार्थना कराल ना?"

मी विचारलं, "मोठ्याने की मनात?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हललं. म्हणाली, "मोठ्याने. तिथपर्यंत ऐकू आली पाहिजे."

दिराने डोकं झुकवलं. मुलीने डोळे मिटले. हे टोपी काढून उभे. ड्रायव्हरनेसुद्धा इंजिन बंद केलं. सगळे थांबले, माझ्यासाठी. मी खिडकीवर हात ठेवला, डोळे मिटले. चर्चमध्ये माझ्याइतकी लांब प्रार्थना कोणाची होत नाही, लोक घड्याळं बघतात.

काही आलं नाही.

एक शब्द नाही. चार शब्दसुद्धा नाहीत. रस्त्यावरून कोणीतरी सायकल घेऊन गेलं. माझ्या हातावर तिचा हात आला, आणि तिच्या मनगटात जीव नाही म्हणते मी, पण हात तिने असा दाबला की बोटं दुखली.

शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच. आमेन.

सगळ्यांत मोठ्याने आमेन धाकटीने म्हटलं.

ड्रायव्हर म्हणाला, अशी प्रार्थना मला आवडते, आणि ट्रक सुरू केला. धाकटीने मागे वळून बघितलं की नाही मला माहीत नाही. मी चाळणीची शिवण बघत होते. भिंत एका ठिकाणी खरवडलीय, सांगितलं होतं मी.

संध्याकाळ.

कामावर नव्या पोरीने चादर सरळ दिली. एकदाही वाकडी नाही. सुचलं कधी बघा तिला, नेमकं आजच.

घरी आले. कपडे कडकडीत वाळलेले. उलटसुलट करून बघितले, कॉलरला, खिशाला, कुठे ओल नाही. वर आवाज नाही. पाणी प्यायला कोणी उठत नाही.

पुढचं प्रभुभोजन तीन महिन्यांनी. पाळकबाई म्हणतात वही चालू ठेवा. कशाला? तयार तर झालंय मन. आता नेऊ कुठे?

काहीतरी ओरडायला हवं होतं. कोणावर ते कळेना. मग यांच्यावर ओरडले, की तुम्ही दीड महिना निरोप नीट पोहोचवले असते तर ही वेळ आली नसती, चहा तेवढा ढोसलात वर जाऊन.

यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चप्पल घालता घालता म्हणाले, आमेन.